पायलट भरती पुन्हा कधी सुरू होईल, आणि २०० तासवाल्यांपर्यंत कधी पोहोचेल?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना, हातात येऊन वर्ष उलटलं, खात्यावर २०० तासांच्या थोडं वर उड्डाण, आणि वडिलांनी घर तारण ठेवून काढलेलं कर्ज. मोठ्या कंपन्यांकडून नव्या मुलांना बोलावणं येत नाही. तिचं गणित असं: कोविडनंतर विमानतळांवर गर्दी परतली आणि भरती सुरू झाली, म्हणजे आताही प्रवासी वाढले की चार-सहा महिन्यांत आपला नंबर लागेल. हे बरोबर आहे का, आणि तोपर्यंत स्वतःच्या पैशांनी एअरबस ए-३२०चं टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण आणि ते उडवायची पात्रता) करून ठेवावं का, असं तिने विचारलंय.

यात खरं तर दोन प्रश्न आहेत. कंपन्या भरती कधी सुरू करतील, हा एक. ती भरती २०० तासांच्या, टाइप रेटिंग नसलेल्या मुलीपर्यंत कधी पोहोचेल, हा दुसरा. या दोन्हींत दीड-दोन वर्षांचं अंतर पडू शकतं आणि बहुतेक मुलांचा हिशेब तिथेच चुकतो. नेमका महिना मी सांगू शकत नाही. तो इंधनाच्या भावावर, बंद पडलेल्या हवाई हद्दींवर, इंजिनांच्या दुरुस्तीवर आणि एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर ठरतो. पण मी २००८, २०१२, २०१९ आणि २०२० हे चारही काळ विमानात किंवा सिम्युलेटरवर (आम्ही त्याला सिम म्हणतो) शिकवताना पाहिलेत. भरती उघडण्याचा क्रम प्रत्येक वेळी जवळपास तोच होता. तो क्रम समजला की तारीख माहीत नसतानाही निर्णय घेता येतात.

आधी कंपनी पायलट मोजते कसे, ते बघू. ए-३२०सारख्या एका विमानासाठी, ते दिवसाला किती तास उडतं त्यानुसार, साधारण दहा ते चौदा पायलट लागतात. निम्मे कॅप्टन, निम्मे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाला याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणजे पायलटांची गरज ठरते ती विमानांची संख्या आणि प्रत्येक विमानाचे उड्डाणतास यांवर. तिकीट खिडकीवरची गर्दी या हिशेबात थेट येतच नाही. गर्दी वाढली तर कंपनी आधी भाडं वाढवते, मग रिकाम्या सीट भरते, मग उभी असलेली विमानं बाहेर काढते. इतकं सगळं आहे त्याच पायलटांवर भागतं.

कारण मंदीत पायलट कमी होण्याआधी त्यांचे तास कमी होतात. आपल्याकडे एका पायलटला वर्षाला १००० तासांच्या वर उडता येत नाही, म्हणजे महिन्याला सरासरी ८३. मंदीत हेच तास ३५-४० वर येतात. पगार कापला जातो, बिनपगारी रजा दिली जाते, प्रोबेशनवरच्यांना घरी पाठवतात. परतीचा रस्ता याच्या उलट. आधी तास वाढतात, मग बिनपगारी रजेवरचे परत येतात, मग कापलेला पगार पूर्ववत होतो, आणि त्यानंतर कुठे बाहेरच्या माणसाचा विचार होतो. म्हणून तुमच्या ओळखीचा कोणी फर्स्ट ऑफिसर असेल तर त्याला भरतीबद्दल विचारू नका, त्याला ते बहुतेक माहीत नसतं. गेल्या महिन्यात किती तास उडलास, एवढंच विचारा. पंचेचाळीस म्हणाला तर अजून अवकाश आहे. सलग तीन-चार महिने पंच्याहत्तरच्या वर असेल, तर कंपनीला माणसं शोधावी लागणार आहेत.

आता कोविडचे आकडे बघा, कारण सगळे त्याचाच दाखला देतात. २५ मे २०२० ला देशांतर्गत उड्डाणं एक तृतीयांश क्षमतेवर पुन्हा सुरू झाली. त्याच जुलैत इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी केले आणि एअर इंडियाने पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना आणली. क्षमतेवरची बंधनं पूर्ण उठली १८ ऑक्टोबर २०२१ ला, आणि नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं परतली २७ मार्च २०२२ ला. देशांतर्गत प्रवासी २०१९ मध्ये १४.४१ कोटी होते. ते २०२० मध्ये ६.३० कोटींवर आले, २०२१ मध्ये ८.३८ कोटी झाले, २०२२ मध्ये १२.३२ कोटी आणि २०२३ मध्ये १५.२ कोटी.

गर्दीवर भरती ठरत असती, तर ती २०२३ मध्ये सुरू व्हायला हवी होती. प्रत्यक्षात २०२२ मध्येच चांगली हालचाल होती, आणि तेव्हा प्रवासी २०१९ पेक्षा दोन कोटींनी कमी होते. कारण विमानांच्या बाजूला होतं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. ऑगस्टमध्ये अकासाचं पहिलं विमान मुंबईहून अहमदाबादला उडालं, आणि नव्या कंपनीला पहिल्या विमानाआधीच पायलट घ्यावे लागतात. त्या वर्षी माझ्याकडे सिमवर येणाऱ्यांमध्ये वर्ष-दीड वर्ष घरी बसलेली, पण टाइप रेटिंग असलेली बरीच मुलं होती, आणि त्यांना एका वेळी दोन-दोन ठिकाणांहून विचारणा होत होती.

मग २०२३ आलं. प्रवाशांचा विक्रम झाला. फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर जाहीर केली. वर्तमानपत्रांत देशाला हजारो पायलट लागणार अशा बातम्या आल्या, त्या वाचून गावोगावी पालकांनी कर्जं काढली. ऑर्डर खऱ्या होत्या, पण ऑर्डर म्हणजे उद्या दारात उभं राहणारं विमान नव्हे. ५०० विमानं यायला दशक लागतं. त्यातच मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली आणि तिथले ए-३२०वरचे अनुभवी पायलट बाजारात आले. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या तपासणीमुळे इंडिगोची ७० हून जास्त विमानं पुढे जमिनीवर राहिली. आणि दुसरीकडे डीजीसीएने (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) २०२० मध्ये ५७८ सीपीएल दिली होती, २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२. प्रवासी सर्वाधिक, ऑर्डर सर्वाधिक, आणि त्याच वर्षी २०० तास घेऊन दारात उभी असलेली मुलंही सर्वाधिक. त्या बातम्यांमधली टंचाई मुख्यतः कॅप्टनची होती. एवढी एक ओळ त्यात आली असती, तर अनेक घरांनी वेगळा विचार केला असता, असं मला आजही वाटतं.

कॅप्टनची टंचाई तुम्हाला का अडवते, हे सांगायला हवं, कारण सगळं गाडं इथे अडतं. विमानात पायलटांच्या दोन खुर्च्या असतात, डावी कॅप्टनची आणि उजवी फर्स्ट ऑफिसरची. नव्या फर्स्ट ऑफिसरला सुरुवातीचे काही महिने कोणत्याही कॅप्टनबरोबर उडता येत नाही, त्याला ट्रेनिंग कॅप्टन लागतो. ट्रेनिंग कॅप्टन एका वेळी एकालाच घेऊन जाऊ शकतो. कंपनी वाढायला लागली की हेच मोजके लोक कॅप्टन होणाऱ्यांनाही शिकवत असतात, दुसऱ्या कंपनीतून आलेल्यांनाही आणि नव्यांनाही. अर्थातच प्राधान्य कॅप्टन तयार करण्याला, कारण कॅप्टनशिवाय विमान हलत नाही. फर्स्ट ऑफिसर डाव्या खुर्चीत गेला की मागे त्याची उजवी खुर्ची रिकामी होते, आणि ती तुमची. पण तो डावीकडे जायला त्याच्याकडे एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीचा वरचा परवाना, हवं. त्यासाठी कायद्याने किमान १५०० तास लागतात आणि कंपन्या स्वतः त्याहून बरेच जास्त मागतात. मंदीत ज्याचे तास महिन्याला ४० वर आले, त्याचं कॅप्टन होणं दोन वर्षांनी लांबतं. दोन वर्षांपूर्वीच्या मंदीची झळ नव्या मुलांना आज बसते ती अशी.

म्हणून प्रवाशांचे आकडे बघण्यापेक्षा, कंपन्या फर्स्ट ऑफिसरना कॅप्टन अपग्रेडसाठी बोलावतायत का, ते बघा. माझ्या अनुभवात हाच सगळ्यात खात्रीचा इशारा. दुसरा इशारा म्हणजे सिम्युलेटरच्या वेळा. रात्री दोनचे स्लॉटही मिळेनासे झाले, की समजावं प्रशिक्षण जोरात आहे. तिसरा, पुढच्या बारा महिन्यांत खरोखर येणारी विमानं. एकूण ऑर्डर नाही. जाहिरात निघाल्यापासून परीक्षा, मुलाखत, टाइप रेटिंग, प्रत्यक्ष विमानातली लँडिंग आणि लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवर ट्रेनिंग कॅप्टनबरोबर शिकणं) होऊन माणूस मोकळा सुटेपर्यंत आठ-दहा महिने सहज जातात. त्यामुळे विमान यायच्या साधारण वर्षभर आधी कंपनीला हालचाल करावीच लागते.

नियमांमधला बदलही गणित हलवतो. पायलटांच्या ड्युटीचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. म्हणजे तेवढ्याच उड्डाणांना जास्त पायलट. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा हे सगळ्या देशाला दिसलं. असे नियम नव्या मुलांसाठी चांगलेच आहेत, आणि विमानात बसणाऱ्या प्रत्येकासाठीही. पण इथेही पहिली गरज कॅप्टनची लागते, उजव्या खुर्चीपर्यंत ती नंतर येते.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून काढलेले अंदाज मात्र बाजूला ठेवा. तिथलं भरतीचं इंजिन निवृत्तीवर चालतं. ६५ व्या वर्षी पायलट उतरतो, सगळे वरिष्ठतेच्या यादीत एक पाऊल पुढे सरकतात आणि खाली जागा होते. डिसेंबर २००७ मध्ये तिथे निवृत्तीचं वय ६० वरून ६५ केलं, आणि लगेच २००८ ची मंदी आली. पाच वर्षं वरून कोणी उतरेना, खाली कोणी चढेना. उलट २०२० मध्ये कंपन्यांनी ज्येष्ठ पायलटांना पैसे देऊन लवकर निवृत्त केलं, आणि प्रवासी परतल्यावर २०२१-२२ मध्ये माणसं कमी पडली. शिवाय तिथे मंदीत घरी पाठवलेल्या पायलटला वरिष्ठतेच्या क्रमाने परत बोलावण्याचा करार असतो. आपल्याकडे यातलं फारसं काही लागू होत नाही. आपले बहुतेक पायलट तरुण आहेत, निवृत्तीने होणाऱ्या जागा थोड्या. इथे जागा होते ती नवं विमान आल्यावर किंवा कोणी परदेशी कंपनीत गेल्यावर.

आणि आपल्याकडची ‘मंदी’ अनेकदा प्रवासाची नसतेच. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ मध्ये. तिन्ही वेळा लोकांना उडायचं होतं, तिकिटं महाग झाली होती. अशा वेळी बाकीच्या कंपन्या लगेच भरती करतात, पण ती बंद पडलेल्या कंपनीतल्या अनुभवी लोकांची. जेटची काही बोइंग ७३७ विमानं स्पाइसजेट आणि ‘विस्तारा’ या कंपन्यांनी घेतली, त्यांच्याबरोबर त्या विमानावरचे पायलटही गेले. नव्या सीपीएलवाल्यासाठी अशा वर्षात रांग पुढे सरकायच्या ऐवजी लांब होते.

तर दार उघडतं तेव्हा आत जाण्याचा क्रम साधारण असा: रजेवर पाठवलेले स्वतःचे पायलट, मग त्याच विमानावरचे बाहेरचे कॅप्टन, मग त्याच विमानावरचे अनुभवी फर्स्ट ऑफिसर, मग कंपनीचे स्वतःचे कॅडेट (कंपनीने सुरुवातीपासून आपल्या योजनेत शिकवलेली मुलं), आणि मग खुल्या बाजारातले २०० तासवाले, टाइप रेटिंग असलेले आणि नसलेले. कॅडेटना मुद्दाम तुमच्या आधी ठेवलंय. कंपन्या आता पायलट स्वतःच घडवू लागल्या आहेत. अमरावतीजवळ बेलोऱ्याला वर्षाला १८० पायलट तयार करणारी संस्था उभारायचं एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलं, ते याच दिशेने. अजून प्रशिक्षण सुरू न केलेल्या मुलांच्या पालकांनी हे नीट वाचावं.

आता टाइप रेटिंग. माझं स्पष्ट मत, भरती पूर्ण थंड असताना स्वतःच्या पैशांनी टाइप रेटिंग करू नये. खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. पण त्याहून मोठी अडचण अशी की ते ताजं ठेवावं लागतं. सिममधून बाहेर पडल्यावर विमान मिळालं नाही तर सहा-आठ महिन्यांत हात बसलेला सुटतो, कंपन्या अलीकडचं उड्डाण किंवा अलीकडची चाचणी मागतात, आणि पुन्हा सिमचे तास विकत घ्यावे लागतात. दोनदा-तीनदा असे पैसे भरलेली मुलं मी शिकवली आहेत. हुशार मुलं होती, पैसे मात्र चुकीच्या वर्षात खर्च झाले. शिवाय विमान कोणतं घ्यायचं हाही अंदाजच. तुम्ही ए-३२० कराल आणि पहिली जाहिरात ७३७ ची येईल. काही कंपन्या टाइप रेटिंग नसलेल्यांना घेऊन बॉण्डवर, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याच्या करारावर, स्वतःच प्रशिक्षण देतात.

याला अपवाद आहे. वर सांगितलेले इशारे दिसायला लागले, अपग्रेड सुरू झाली, तास पंच्याहत्तरच्या वर गेले, एखाद्या कंपनीने टाइप रेटिंग असलेल्या फर्स्ट ऑफिसरसाठी जाहिरात काढली, आणि तुमच्याकडे नव्या कर्जाशिवाय पैसे आहेत, तर त्या वेळी करणं शहाणपणाचं ठरतं. मग दोन-तीन महिने वाचतात आणि तुम्ही रांगेत एक पायरी वर जाता. हा निर्णय पैशांवर इतका अवलंबून आहे की एकच उत्तर सगळ्यांना देता येणार नाही. घर आधीच तारण असलेल्या मुलीला मी आज थांबायला सांगेन.

थांबणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे. क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटचं वैद्यकीय प्रमाणपत्र, तुमच्या वयाला वर्षभर चालतं, ते संपू देऊ नका. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचंही (फक्त यंत्रं बघून उडण्याची पात्रता) तसंच, वर्षातून एकदा चाचणी द्यावी लागते. ते वेळेवर नूतनीकरण करणं स्वस्त पडतं आणि निसटलेलं परत मिळवणं महाग. भरतीची जाहिरात बहुतेक थोड्या दिवसांची असते, आणि अर्जाच्या दिवशी सगळे कागद चालू असणं ही पहिली चाळणी. मेडिकल संपल्यामुळे चाळणीतच बाद झालेली मुलं दर वेळी असतात.

याच काळात एटीपीएलच्या लेखी परीक्षा देऊन टाका. उद्या फर्स्ट ऑफिसर म्हणून महिन्याला ऐंशी तास उडताना अभ्यास होत नाही. मुलाखतीत या परीक्षा झालेल्या दिसल्या की समोरच्यालाही कळतं की हे वर्ष वाया गेलेलं नाही.

पण सगळ्यात जास्त मी आग्रह धरेन तो असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करण्याचा. बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर, इथल्या किंवा बाहेरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर लागतच असतात. पगार फार नसतो, उन्हात दिवसाला चार-पाच उड्डाणं होतात. पण तास वाढतात आणि हात चालू राहतो. आणि दुसऱ्याच्या चुका डाव्या खुर्चीत बघून स्वतःचं उड्डाण जेवढं सुधारतं, तेवढं दुसऱ्या कशाने सुधारत नाही. एअरलाइनच्या निवडीसाठी सिमवर आलेल्या उमेदवारांमध्ये इन्स्ट्रक्टरकी केलेला मला पहिल्या पंधरा मिनिटांत ओळखू येतो. त्याची नजर यंत्रांवर फिरत असते, आवाज शांत असतो आणि बिघाड दिला तरी आधी विमान सांभाळतो. ते शक्य नसेल तर कंपन्यांच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये किंवा डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणांचं नियोजन करणाऱ्या विभागात, काम बघा. उड्डाणाचे तास मिळत नाहीत, पण हवामान, इंधन, पर्यायी विमानतळ यांचा विचार रोज होतो, आणि आतली भरती बाहेरच्या आधी कळते.

‘दहा लाख द्या, अमुक कंपनीत सेटिंग आहे’ असं सांगणारे लोक मंदीतच भेटतात. कोणतीही मोठी विमान कंपनी मुलाखतीसाठी एजंटामार्फत पैसे घेत नाही. भरती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर होते, अर्ज तिथेच होतो. जीमेलच्या पत्त्यावरून आलेलं ऑफर लेटर खरं नसतं. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, कारण अनेकदा फोन त्यांनाच जातात.

कर्जाचं शेवटी लिहितोय, पण तुम्ही ते आधी करा. कमीत कमी दोन वर्षं एअरलाइनचा पगार येणार नाही असं धरून घरात हिशेब मांडा. मी दोन वर्षं म्हणतोय ती सावधगिरी म्हणून. कमीही लागू शकतात. पहिला हप्ता चुकायच्या आत वडिलांबरोबर बँकेत जाऊन शाखा व्यवस्थापकांना भेटा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा, किंवा काही काळ फक्त व्याज भरण्याची सोय होते का विचारा. हप्ते थकायच्या आधी गेलेल्या माणसाशी बँक वेगळं बोलते, आणि एकदा खातं थकीत झालं की पुढे टाइप रेटिंगच्या वेळी कर्ज लागलं तर तीच नोंद आडवी येते. सीपीएलची प्रत, लॉगबुक आणि इन्स्ट्रक्टर रेटिंगसाठी प्रवेश घेतला असेल तर त्याचं पत्र सोबत न्या.